गुण्या, कर्कटक आणि बिअरचा जग

शंकेखोर : मला आधी एक सांगा. गुपितं जपण्याच्या शपथा घेणाऱ्या मंडळींनी आपली चिन्हं बिअरच्या जगावर छापून बाजारात का मांडावीत? इंग्लंडमधल्या अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीची ही भांडी संग्रहालयांत हारीने लावलेली दिसतात. सायीच्या रंगाचं अंग, त्यावर काळ्या शाईत दोन खांब, खांबांमध्ये काळ्यापांढऱ्या चौकटींची फरशी, वर सूर्य, चंद्र, सात तारे, सगळं बघणारा एक डोळा. मध्यभागी गवंड्याचा गुण्या आणि कर्कटक, बाजूला ओळंबा, पाणसळ, करणी. फ्रीमेसन म्हणवणाऱ्या या मंडळींच्या लॉजमध्ये, म्हणजे त्यांच्या शाखेच्या सभागृहात, जे जे म्हणून असतं, ते सगळं त्या पोटावर मावलेलं. दाराशी पहारेकरी बसवून आत विधी करायचे आणि त्याच विधींचं साहित्य दारूच्या भांड्यावर मिरवायचं, यातलं खरं काय मानायचं? गुपित खोटं की भांडं खोटं?

शौकीन : दोन्ही खरं. गुपित चिन्हांचं नव्हतंच मुळी. लंडनमधल्या चार लॉजनी १७१७ साली एकत्र येऊन सगळ्यांची मिळून एक ग्रँड लॉज स्थापली असं परंपरा सांगते, आणि तेही सेंट पॉल्सजवळच्या एका दारूच्या गुत्त्यात. १७२३ साली जेम्स अँडरसनने त्यांची नियमावली छापली, ती कुणीही विकत घेऊन वाचावी. १७३० साली सॅम्युएल प्रिचर्ड नावाच्या माणसाने आतल्या विधींचं भांडं फोडणारी पुस्तिका काढली आणि ती हातोहात खपली. हॉगार्थने १७३८ सालच्या आपल्या रात्रीच्या चित्रात एप्रन बांधलेला, गुण्या लटकवलेला झिंगलेला मेसन दाखवला, तो लोकांनी ओळखला म्हणून तर त्यांना हसू आलं. तेव्हा गुण्या-कर्कटक रस्त्यावरच्या पोरालाही ठाऊक होतं. झाकलेला होता तो परवलीचा शब्द आणि हस्तांदोलनाची रीत. यातलं जगावर काहीच नाही. आणि मला विचाराल तर मौज नेमकी तिथे आहे. आपल्याजवळ काही गुपित आहे, हे चारचौघांना कळल्याशिवाय गुपित बाळगण्यात सुख ते काय? मेसनांचं एक गाणं या भांड्यांवर वारंवार छापलेलं असतं, तेही आपल्या गुपिताची फुशारकी मारणारंच आहे.

शंकेखोर : म्हणजे जाहिरात. बरं, मग जाहिरात कुणाची ते बघू. भांडं घडलं कसं, तिथून सुरुवात करतो. लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन या दोघांनी १७५६ साली प्रतिज्ञापत्र केलं होतं की, आम्ही दोघांनी सहा तासांत बाराशेहून जास्त टाइल्सवर चित्रं छापली. कुंचल्याने रंगवणाऱ्या शंभर कारागिरांनाही ते जमलं नसतं, असा त्यांचा दावा. तांब्याच्या पत्र्यावर चित्र एकदा कोरायचं, त्यात तेलातला घट्ट रंग भरायचा, पातळ कागदावर ठसा घ्यायचा आणि तो कागद भांड्यावर चोळून चित्र उतरवायचं. वेजवूडसारखा कारखानदार आपली सायरंगी भांडी बर्सलेमहून लिव्हरपूलला या छापखान्याकडे धाडत असे. आता या छापखान्याचा धर्म कोणता? जे खपेल ते छापणं. वूस्टरच्या कारखान्यात रॉबर्ट हँकॉकने कोरलेल्या पत्र्यांवरून १७५७ साली प्रशियाच्या राजाचे मग निघाले, कारण त्या वर्षी तो इंग्लंडचा दोस्त होता. लिव्हरपूलच्या जगांवर तर स्वर्गात चाललेला जॉर्ज वॉशिंग्टन आहे. ज्याने इंग्रजांना हरवलं त्याचंच चित्र छापून इंग्रज ते अमेरिकनांना विकत होते. आणि त्याच घाटाच्या जगावर एका अंगाला जहाज, दुसऱ्या अंगाला मेसनांची चिन्हं. तुम्हाला त्यात बंधुभाव दिसतो. मला दुकानात टांगलेले पत्रे दिसतात, गिऱ्हाईक बोट दाखवील तो काढून छापायचा. शिवाय आणखी एक. आपण याला पोर्सेलिन म्हणतो खरं, पण वूस्टरचे थोडे मग आणि चीनहून मागवलेली भांडी सोडली तर बहुतेक माल साध्या भाजलेल्या मातीचा आहे. नावाने श्रीमंती, अंगाने स्वस्ताई.

शौकीन : स्वस्ताई हा तुम्ही दोष म्हणून सांगताय, मला तो महत्त्वाचा पुरावा वाटतो. चीनमध्ये भाजून कँटनला रंगवलेला खराखुरा पोर्सेलिनचा वाडगा जहाजाने येई. तो लॉजच्या मेजावर ठेवायचा, सगळ्यांनी मिळून प्यायच्या पंचसाठी. तो घेणारे व्यापारी, कप्तान, जमीनदार. सायरंगी जग मात्र दुकानदाराला, सुताराला, गलबतावरच्या दुय्यम अधिकाऱ्याला परवडणारा होता. म्हणजे खूण खालपर्यंत झिरपली. आणि पत्रा एकच असला तरी भांडं एकच नसतं. असा एखादा जग हातात घेऊन नीट बघा. छापाचा कागद गोल पोटावर चपटा बसत नाही, म्हणून एका खांबाच्या बुंध्याशी कागदाला पडलेली चुणी तशीच भाजली गेलेली. वरून हाताने लावलेला हिरवा आणि पिवळा रंग रेघेबाहेर सांडलेला. सूर्याचं नाक आणि गाल एकाच लाल फटकाऱ्यात उरकलेले. आणि तोटीखाली मोकळ्या सोडलेल्या जागेत कुंचल्याने लिहिलेलं एक नाव आणि एक साल. आडनाव लांब पडलं म्हणून शेवटची अक्षरं दाटीवाटीने चढवलेली. आपल्याकडे भांड्यांच्या दुकानाबाहेर नाव घालणारा बसतो, त्याच्याकडून आहेराच्या पातेल्यावर नाव आणि तारीख घालून घेतात, तसंच हे. पातेली कारखान्यातून हजारांनी येतात म्हणून त्यावरचं आपल्या आईचं नाव कुणी खोटं मानत नाही. छाप बाजाराचा असेल, पण नाव घातलं की भांडं माणसाचं झालं.

शंकेखोर : नावाने मालकी सिद्ध होते, सभासदत्व नाही. पैसे मोजले एवढंच कळतं. मेहुण्याने थट्टेत दिलं असेल, गुत्तेवाल्याने गिऱ्हाइकांवर छाप पाडायला घेतलं असेल, लॉजने आत न घेतलेल्या माणसाने हौस भागवली असेल. तुम्ही म्हणाल की चित्रावरून काळ आणि पंथ तरी कळतो. कारण १७५१ पासून १८१३ पर्यंत इंग्लंडमध्ये दोन ग्रँड लॉज एकमेकींना पाण्यात पाहत होत्या. एकीच्या ढालीवर तीन किल्ले आणि कर्कटक, आधाराला बीव्हर. दुसरीच्या ढालीवर सिंह, बैल, मनुष्य, गरुड. ढाल पाहिली की मालक कोणत्या गटाचा ते ओळखावं! पण तांब्याचा पत्रा राजकारणापेक्षा जास्त टिकतो. कारखाना बुडाला की पत्रे दुसरा विकत घेई आणि तेच चित्र पुढे छापत राही. १८१३ मध्ये दोन्ही गट एक झाले, म्हणून कुणी जुने पत्रे वितळवले नाहीत. म्हणजे ढालही साक्षीला कच्ची.

आणि तुमच्या नावाच्या मुद्द्यावर माझा एक उलट प्रश्न. नाव एकाचं, हात किती जणांचे? मातीकामाच्या छापखान्यात पत्र्याशी उभा राहणारा पुरुष. ठशाचा कागद कातरणारी बहुधा कोवळी मुलगी. तो कागद भांड्यावर नेमका बसवून ताठ ब्रशने घासणाऱ्या बायका. मग पाण्याने कागद धुऊन काढायचा की चित्र मागे राहतं. मेसनांच्या लॉजमध्ये बाईला प्रवेश नाही आणि लॉजचे खांब, शिडी, डोळा हे सगळं ती दिवसभर डझनांच्या हिशेबाने चिकटवते आहे. तिला त्यातलं गुपित कुणी सांगितलं नसेल. पण कुठली आकृती कुठे बसते हे निम्म्या सभासदांपेक्षा तिला जास्त पाठ असणार. त्या खुणेवर पहिला हक्क कुणाचा सांगायचा?

शौकीन : हा मुद्दा तुम्ही माझ्याविरुद्ध मांडलात, पण मी तो आनंदाने घेतो. त्या बाईचे हात मान्य केले की हे भांडं एका संघटनेचं न राहता एका गावाचं होतं. सन्डरलंड घ्या. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर वेअर नदीच्या मुखाशी कोळसा, जहाजबांधणी आणि कुंभारकामावर जगणारं बंदर. तिथे मेसनांनी १७८५ मध्ये स्वतःचं सभागृह बांधलं, ते आजही वापरात आहे. १७९३ च्या सप्टेंबरात नदीवरच्या लोखंडी पुलाची कोनशिला बसवली ती मेसनांच्या विधीने, आणि बसवणारा रोलंड बर्डन हा खासदारही आणि मेसनही. १७९६ साली पूल खुला झाला. एकाच कमानीची लांबी २३६ फूट. त्याआधी १७७९ मध्ये उभारलेल्या श्रॉपशरच्या लोखंडी पुलाची कमान शंभर फुटांची, म्हणजे ही तिच्या दुपटीहून जास्त. त्या गावाला किती चढलं असेल, कल्पना करा! पुढची कित्येक दशकं तिथल्या जगांवर पुलाचं चित्र छापलं जात होतं. सोन्याच्या द्रावणातून येणारी गुलाबी चकाकी अंगभर फासायची, ती ओली असतानाच तेलाचे शिंतोडे उडवायचे, म्हणजे भट्टीत बुडबुड्यांची नक्षी उठते. एका बाजूला पूल, दुसऱ्या बाजूला मेसनांची चिन्हं किंवा दर्यावर निघालेल्या नवऱ्याचा निरोप. त्या गावात ही चिन्हं परक्याची नव्हती. कोनशिलेच्या दिवशी सगळ्यांनी ती मिरवणुकीत पाहिलेली होती. घरातल्या मांडणीवर ठेवलेला जग हा सभासदाच्या दाखल्याइतकाच नागरिकाचा अभिमान होता.

शंकेखोर : पाहा, तुम्ही जागा बदललीत. आधी खूण माणसाची होती, आता गावाची झाली. जितकी ती सगळ्यांची होत जाते तितकी बंधुत्वाची साक्ष म्हणून ती पातळ होते. ते असो. मला बंधुत्वाच्या हिशेबात शिरायचंय. संकटात भावाने भावाला हात द्यावा, हेच यातलं सार असेल तर ते काम खऱ्या अर्थाने केलं ते मेसनांनी नव्हे. केलं ते परस्पर साहाय्य मंडळांनी. आठवड्याला काही पेन्स वर्गणी, आजारपणात ठरलेली रक्कम, मेल्यावर अंत्यविधीचा खर्च. धर्मादाय खड्ड्यात पुरलं जाण्याची जी दहशत गरिबाला होती तिच्यावरचा हा उतारा. १७९३ च्या कायद्याने या मंडळांना नोंदणी मिळाली. त्यांपैकी मँचेस्टरचे ऑडफेलोज १८१० चे, फॉरेस्टर्स १८३४ चे. त्यांनी मेसनांची एप्रनं, डोळे, शिड्या उसन्या घेतल्या, आपले तळहातावरचं हृदय, मधमाश्यांचं पोळं, हरणाचं मस्तक जोडलं आणि आपलेही मग छापून घेतले.

आणि सरकारचं वागणं बघा. फ्रान्समधल्या क्रांतीला बिचकलेल्या पार्लमेंटने १७९९ मध्ये शपथा घेणाऱ्या गुप्त संघटनांवर बंदी घातली. मेसनांना मात्र सूट, सभासदांची यादी दरवर्षी सरकारदरबारी द्यायची एवढीच अट. त्या वेळी प्रिन्स ऑफ वेल्स स्वतः ग्रँड मास्टर होता, म्हटल्यावर दुसरं काय होणार? पुढे १८३३ मध्ये डॉर्सेटमधल्या टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांनी मजुरी घटते म्हणून मंडळ काढलं. डोळे बांधून शपथ, समोर सांगाड्याचं चित्र, सगळं अशा संघटनांच्या रिवाजाप्रमाणे. त्यांना १८३४ मध्ये बेकायदा शपथेसाठी सात वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा, ऑस्ट्रेलियाला रवानगी. त्या वेळी मेसनांचा ग्रँड मास्टर होता राजाचा सख्खा भाऊ. शपथ दोघांनी घेतली. एकाच्या वाट्याला मेजवानी, दुसऱ्याच्या वाट्याला जहाजाचा तळ. जगावरचा तो सगळं बघणारा डोळा नक्की कुणाकडे बघत होता?

शौकीन : तुमचा राग रास्त आहे. टॉलपडलच्या मंडळींना दोन वर्षांनी माफी द्यावी लागली ती लोकांनी रान उठवलं म्हणून. पण या सगळ्यातून जे निघतं ते तुमच्या पहिल्या म्हणण्याविरुद्ध जातं. तुम्ही म्हणालात, ही निव्वळ खपाऊ चित्रं. १७९९ नंतर ती तशी राहिलेली नाहीत. शेजारच्या घरात शपथ घेतली तर तुरुंग, अशा काळात गुण्या-कर्कटकाचा जग मांडणीवर ठेवायचा म्हणजे आम्ही कायद्याने मान्य केलेल्यांतले आहोत, हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचं. तुम्ही याला लाचारी म्हणा, सावधपणा म्हणा, पण त्याला निरर्थक म्हणता येणार नाही. आणि ऑडफेलोजची भांडी तर तुम्ही फारच घाईने बाजूला सारलीत. एखाद्या खाणमजुराच्या घरात कागदपत्र काय असतं? वर्गणीचं पुस्तक आणि हा मग. पाय मोडला तर घरात पैसे येतील याची ग्वाही. ब्रिटनमध्ये १९११ चा राष्ट्रीय विमा कायदा आला तेव्हा सरकारने विम्याचा कारभार ज्या मान्यताप्राप्त मंडळांमार्फत चालवला, त्यांत हीच मंडळं होती. १९४८ मध्ये सरकारी आरोग्यसेवा येईपर्यंत कितीतरी घरांचा डॉक्टर त्यांच्या वर्गणीवर चालला. समाजसुरक्षेचा इतिहास लिहिताना आपण कायद्यांची कलमं चाळतो. तो मातीच्या भांड्यांवर रंगीत छापलेला आहे, हे विसरतो.

आणखी एक गोष्ट बघा. १८३५ साली सॅल्फर्डमध्ये रेकबाइट्स नावाचं मंडळ निघालं. ठेवण तीच, वर्गणी तीच, पण सभासदाने दारूला शिवायचं नाही. आता बंधुत्व मिरवायला बिअरचा जग कसा चालेल? त्यांची चिन्हं चहाच्या भांड्यांवर आली. आणि चहा म्हटला की मेजाशी बाई आलीच. रेकबाइट्सच्या बायकांच्या शाखाही निघाल्या. भांडं बदललं आणि भाईचाऱ्याच्या पंगतीत कोण बसणार हेही बदललं. हा निव्वळ योगायोग आहे असं तुम्ही म्हणालात तर मी ऐकणार नाही.

शंकेखोर : योगायोग म्हणत नाही. पण उलटं म्हणेन. आधी माणसं बदलली, मग भांडं. कुंभार कधीच पुढे नव्हता, तो मागणीच्या मागोमाग गेला. आणि पंगतीचा विषय काढलात तर मी तुम्हाला आपल्या मुंबईत आणतो. मेसनांच्या घोषणेत जात, धर्म, वर्ण काही नाही. तत्त्वतः सगळी माणसं एकाच मापाने घडवलेले दगड. मग माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थाला मुंबईच्या गोऱ्यांच्या लॉजने का नाकारलं? त्याला दीक्षा मिळाली ती पॅरिसमध्ये. परत आल्यावर मुंबईत पुन्हा नन्ना. शेवटी डॉ. जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टरने १८४३ मध्ये 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही वेगळी लॉज काढली, देशी माणसांना आत घेण्यासाठी. वेगळी काढावी लागली, हे लक्षात घ्या. मुंबईतच जन्मलेला रुड्यार्ड किपलिंग, ज्याचा बाप बर्सलेमच्या मातीकामाच्या कारखान्यात नोकरी करून पुढे जे. जे. स्कूलमध्ये शिकवायला आला, तो १८८६ साली लाहोरच्या लॉजमध्ये मेसन झाला. 'द मदर लॉज' या कवितेत तो हिंदू, मुसलमान, शीख, ज्यू, गोरे सगळे एका लॉजमध्ये बसल्याचं सांगतो आणि मेजवानी मात्र आम्ही घालत नसू, कुणाची जात बाटेल म्हणून, हेही सांगतो. सगळे भाऊ, पण पाण्याचा पेला ज्याचा त्याने आणायचा! तुमचा तो सामायिक जग लाहोरात ठेवला असता तर लॉज रिकामी झाली असती.

शौकीन : हे तुम्ही माझ्याहून नेमकं बोललात. तत्त्वाला हरकत कुणाचीच नव्हती, अडलं ते भांड्याशी. मग भांडं म्हणजे तत्त्वावरची नक्षी कशी? उलट तत्त्वाची परीक्षा भांड्यापाशीच होते. सन्डरलंडमध्ये एका जगातून सगळ्यांच्या पेल्यांत ओतलं गेलं म्हणून ते भाऊ होते असं मी म्हणत नाही. पण ओतलं जाऊ शकलं, यात काही कमावलेलं होतं. लाहोरात ते कमावता आलं नाही, आणि तिथल्या गोऱ्यांनाही आणि आपल्यालाही त्याची जबाबदारी टाळता येणार नाही. घोषणा दोन्ही ठिकाणी एकच होती. फरक कळतो तो मेजावर काय ठेवता आलं यावरून.

शंकेखोर : वाक्य छान आहे, पुरावा कुठाय? आज कपाटांत जे जग उरलेत ते बहुतेक न वापरलेले आहेत. जे रोज ओतायला काढले, ते फुटले, टवके उडून उकिरड्यावर गेले. काळा छाप झिलईच्या वर असतो. घासघासून तो पुसट होतो. संग्राहकाला हवा असतो काळा कुळकुळीत छाप, म्हणजे सगळ्यात कमी वापरलेला. आपण ज्यावरून बंधुत्वाचा इतिहास सांगतोय ती ठेवणीतली, शोभेची, भेटीदाखल आलेली भांडी. जी खरोखर मधोमध फिरली असतील त्यांच्याबद्दल आपण ठेवणीतल्या भांड्यांना विचारतोय. त्यात विसाव्या शतकात गुलाबी चकाकीच्या नव्या आवृत्त्या निघाल्या, तीच चित्रं, तेच गुलाबी बुडबुडे. आता सांगा, विसाव्या शतकात हौसेने घेतलेल्या जगावरचा गुण्या कुणाचा?

शौकीन : नव्याचं उत्तर सोपं आहे, तो हौसेचा. मला अडवतो तो दुसराच जग. समजा नाव आहे, साल आहे, आणि छाप मधोमध पुसट झालाय, मूठ धरून धरून तिच्याशेजारचा रंग गेलाय. नवरा मेसन होता, तो मेला. जग घरात राहिला. रोज कोण हाताळतं तो? त्याची विधवा. ती सभासद नाही, होऊ शकत नाही. पण लंडनमध्ये १७८८ मध्ये बार्थोलोम्यू रुस्पिनी नावाच्या, जन्माने इटालियन असलेल्या दंतवैद्याने मेसनांच्या निराधार मुलींसाठी शाळा सुरू केली. म्हणजे ज्या खुणेला बाईची सावली चालत नव्हती, तिच्याच जोरावर तिच्या मुलीला छप्पर आणि अक्षरओळख मिळू शकत होती. त्या बाईच्या लेखी तो गुण्या म्हणजे तत्त्वज्ञान नव्हे, गुपितही नव्हे. ती कुणाच्या दारी जाऊ शकते, याची ती खूण आहे. छाप चिकटवणारी मुलगी आणि छाप पुसट होईपर्यंत जग वापरणारी बाई, दोघीही लॉजबाहेरच्या. मधल्या पुरुषाचं नाव तेवढं तोटीखाली.

शंकेखोर : दारी जाऊ शकते म्हणालात, ते बरोबर, पण तिथेच माझा पाय अडतो. ऑडफेलोच्या विधवेला पैसे हक्काने मिळत, नवऱ्याने वर्गणी भरलेली असे. मेसनच्या विधवेला अर्ज करावा लागे, चौघांची शिफारस लागे, मग दान मिळायचं तर मिळायचं. दोघींच्या मांडणीवरचे मग लांबून सारखे दिसतात. एकीचा मग पावती आहे, दुसरीचा विनंती. तुमच्या झिजेवरून हा फरक कळत नाही. मालकाचं नाव वाचून कळत नाही. छाप कुणी चिकटवला, याने तर मुळीच नाही. तो कळतो मंडळाच्या वह्यांमधून, म्हणजे भांड्याच्या बाहेरून. आणि भांड्याला स्वतःहून बोलता येत असतं तर एवढं बोलण्याची वेळ आपल्यावर आली नसती.

शौकीन : वह्या तरी सगळं कुठे सांगतात? वहीत रक्कम आहे, तारीख आहे. अर्ज करायला जाण्याआधी त्या बाईने घरात कशाकडे बघून धीर धरला, ते वहीत नाही. तुम्ही म्हणता भांडं मुकं आहे. मी म्हणतो ते अर्धवट बोलतं, आणि वहीही अर्धवटच बोलते. दोन्ही अर्धी एकमेकांना जुळतात की नाही, हे प्रत्येक जगाच्या बाबतीत नव्याने बघावं लागेल.

शंकेखोर : मग व्यवहाराचं बोलू. समजा एक जग माझ्या-तुमच्या हाती आला आणि तो संग्रहालयात कुठल्या कपाटात ठेवायचा ते आपण ठरवायचंय. लंडनमध्ये ग्रेट क्वीन स्ट्रीटवर मेसनांचं संग्रहालय आहे, तिथे असे जग एप्रनं आणि पदकांच्या शेजारी असतात. सन्डरलंडच्या संग्रहालयात हेच जग पुलाच्या आणि जहाजांच्या चित्रांच्या भांड्यांत असतात. माझा नियम सरळ आहे. सभासदत्व वहीतून सिद्ध झालं तर मेसनांच्या कपाटात, नाही तर कुंभारकामाच्या. संशयाचा फायदा कुंभाराला.

शौकीन : कुंभाराला की कागद कातरणाऱ्या मुलीला? तुमच्या नियमाने तिलाही कपाटात जागा नाही, कारण तिचं नाव कुठल्याच वहीत नाही. विधवा तर दोन्हीकडून बाहेर. मी तो जग मेसनांच्या कपाटात ठेवायला तयार नाही, तसा कुंभारकामाच्याही नाही.

शंकेखोर : म्हणजे तिसरं कपाट करणार. आणि त्याच्यावर पाटी काय लावणार?

शौकीन : तेच अजून ठरत नाही. पण पाटी कशाची हवी ते आता कळतंय. सभासद कोण होता, एवढंच सांगून ती पुरणार नाही. त्या खुणेचा आधार कुणाकुणाला वाटला आणि कुणाकुणाला खरंच मिळाला, हे तिने सांगायला हवं.

शंकेखोर : 'वाटला' आणि 'मिळाला' या दोन याद्या केल्यात तर मी तुमच्या कपाटाला मत देईन. पण दुसरी यादी वहीतूनच करायची, हे कबूल करा.

शौकीन : कबूल. आणि पहिलीसाठी जग उलटापालटा करून बघायचा, ते तुम्ही कबूल करा.

शंकेखोर : बघीन. विश्वास ठेवीनच असं नाही.